अस्थी नसलेले तीर्थ

इ.स. ३८४ मध्ये एगेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री जेरुसलेमची यात्रा आटोपून परतीच्या वाटेला लागली होती. तार्ससला पोचल्यावर तिला कळले, की संत थेक्लेचे स्थान इथून तीनच मुक्कामांवर आहे. ती तिकडे वळली. सिलुकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले सिलिफ्के. गावाबाहेरच्या टेकाडावर देऊळ, त्याभोवती स्त्री-पुरुष व्रतस्थांच्या असंख्य कोठ्या आणि इसॉरियन लुटारूंपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेला भक्कम कोट. व्रतस्थ कुमारिकांच्या मठांचा कारभार पाहणारी डीकन मार्थाना तिच्या जेरुसलेमपासूनच्या ओळखीची निघाली. दोघींना झालेला आनंद एगेरियाने हात न आखडता लिहिला आहे. मग तिने दोन गोष्टी केल्या : थेक्लेच्या स्थानी प्रार्थना केली आणि थेक्लेची ‘कृत्ये’ अथपासून इतिपर्यंत वाचली.

या वाचनापाशी मला थांबावेसे वाटते, कारण जवळजवळ दोनशे वर्षे आधीच या कथेवर ठपका आला होता. कथा अशी : इकुनियमची वाग्दत्त मुलगी थेक्ला खिडकीत बसून तीन दिवस, तीन रात्री प्रेषित पौलाचा उपदेश ऐकते आणि लग्न नाकारते. तिला जाळा, अशी मागणी तिची आईच करते. पाऊस आणि गारा आग विझवतात. पुढे अंत्युखियात तिला श्वापदांपुढे टाकतात. एक सिंहीण तिच्यासाठी लढून मरते आणि थेक्ला पाण्याच्या हौदात उडी घेऊन स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. शेवटी पौल तिला सांगतो, जा आणि देवाचे वचन शिकव. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्यन या कथेवर तुटून पडला. आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने हे लिखाण स्वतः जुळवले, पौलावरच्या प्रेमापोटी केले अशी कबुली दिली आणि त्याला पद सोडावे लागले, असे तो सांगतो. मग प्रश्न सरळ आहे. लेखकाने कबुली दिलेल्या कथेवर उभे राहिलेले तीर्थ खोटे मानायचे का?

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ‘भाव तेथे देव’ एवढे म्हणून मला सुटायचे नाही. आधी तर्तुल्यनची साक्षच नीट वाचू. तो थेक्ला झाली की नाही याची चौकशी करत नाही. काही स्त्रिया तिचा दाखला देऊन शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क मागत होत्या, तो दाखला त्याला काढून घ्यायचा होता. शिवाय लेखकाने कथा जुळवली म्हणजे नायिकाही त्याच्याच डोक्यातून निघाली, असे होत नाही. तोंडोतोंडी चाललेली आठवण त्याने लिहून काढली असेल, हेही तितकेच शक्य आहे. कथेत थेक्लेला आसरा देणारी राणी त्रिफैना तर खरोखरची; पाँटसच्या नाण्यांवर तिची मुद्रा आहे. एवढ्याने थेक्ला सिद्ध होत नाही, पण कथा निव्वळ हवेतून आलेली नाही एवढे दिसते.

यावर खरा आक्षेप पौलाच्याच आधाराने घेता येतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असे तो करिंथकरांना बजावतो. ज्या धर्माने घडलेल्या घटनेवर एवढा भार टाकला त्याने संतांच्या बाबतीत सैल का व्हावे? आक्षेप मोलाचा आहे, पण तो ख्रिस्ताविषयीचे वाक्य थेक्लेला लावतो. ख्रिस्त हा विश्वासाचा विषय. संत त्या विश्वासाची साक्षीदार. साक्षीदाराची ओळख पटवायला जन्मनोंद मिळत नसेल, तर ती साक्ष कुणाच्या सोयीची आहे हे तरी तपासता येते. बनावट कागद बहुधा बनवणाऱ्याचा लाभ करून देतो. या कागदाने लिहिणाऱ्याचे पद घालवले आणि बिशपांना अडचणीत टाकणारा दाखला स्त्रियांच्या हाती दिला. सिलुकियात तो दाखला नुसता वाचला जात नव्हता. मार्थानाच्या रूपाने तिथे एक स्त्री अधिकाराने कारभार करत होती.

हीच कसोटी तीर्थालाही लावली पाहिजे, आणि इथे मला तीर्थाची बाजू घेता येत नाही. जुन्या कथेत थेक्ला सिलुकियात शांतपणे चिरनिद्रा घेते. पण तिथे अस्थी नव्हत्या. पुढे कथा वाढली : थेक्ला मेलीच नाही, खडक दुभंगला आणि ती जिवंतपणी त्यात शिरली. ही भर तीर्थाच्या सोयीची आहे. समाधीत देह का नाही, याचे उत्तर देण्यासाठी ती जन्मली असे मला वाटते. सम्राट झीनोने गादी परत मिळाल्यावर इथे भव्य चर्च बांधले, तेव्हा पैसा आणि मान दोन्ही आले. म्हणून पहिली कथा आणि खडकाची कथा एका तागडीत घालणे मला पटत नाही.

पाचव्या शतकात याच स्थानी राहणाऱ्या एका लेखकाने थेक्लेचे चमत्कार नोंदवले. त्याचे बोट सडू लागले होते. स्वप्नात गांधीलमाश्या त्यावर तुटून पडल्या, थेक्ला आली आणि वस्त्राच्या टोकाने तिने त्या हाकलल्या. दुसऱ्यांदा ती आली ती तो लिहिण्यात कुचराई करत असताना. शेजारी बसून त्याच्या हातातली वही घेतली, वाचली आणि हसली. एका लेखकाला थेक्लेबद्दल लिहिल्याची शिक्षा झाली, दुसऱ्याला लिहिणे थांबवू नये म्हणून ती स्वतः भेटली. संशयी वाचक म्हणेल, हा आत्मप्रशंसेचा प्रकार. असेल. पण आपल्या संताचे आयुष्य लिखाणातच आहे हे या माणसाला पक्के कळले होते, आणि ते त्याने लपवले नाही.

१९६९ मध्ये रोमन पंचांगाने तिचा सण वगळला. पूर्वेकडच्या चर्चमध्ये २४ सप्टेंबरला तिला आजही स्त्रियांमधली पहिली रक्तसाक्षी म्हणतात, जरी कथेत ती दोन्ही वेळा वाचते. दोन्ही निर्णय मला समजतात. पण पुराव्याच्या यादीत एक नाव राहून जाते. निस्साचा बिशप ग्रेगरी आपल्या थोरल्या बहिणीविषयी लिहितो, की तिच्या जन्माच्या वेळी आईला तीनदा तेच स्वप्न पडले आणि स्वप्नातल्या पुरुषाने बाळाला थेक्ला म्हणून हाक मारली. मुलीला सगळे माक्रिना म्हणत. ते दुसरे नाव घरात गुप्त राहिले. पुढे माक्रिनाने लग्न नाकारले, आईसह घरातल्या दासींना बरोबरीने वागवून सगळे घरच मठ केले, आणि बेसिलसारख्या विद्वान भावाला वक्तृत्वाचा तोरा सोडायला लावला. ३७९ मध्ये ती मरणशय्येवर होती, तेव्हा ग्रेगरी तिच्याजवळ बसून आत्म्याविषयी प्रश्न विचारत होता, आणि शिकवत होती ती.