रिकामी नळी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीला राजगडाचा फाटा फुटतो. आषाढात इथे पत्र्याखाली बोलायचं तर ओरडावं लागतं. अशा गावात एखादं कॉलेज जुन्या गोदामात किंवा मंगल कार्यालयात हलवायचं म्हटलं, की मला आधी तो पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ऐकू येतो. बैठकीत मात्र खल चालतो प्रोजेक्टर कितीचा घ्यायचा याचा. मास्तरांचं बोलणंच मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही, तर पडद्यावरच्या चित्राला घेऊन काय करायचं?

दुसऱ्यासाठी बांधलेल्या वास्तूत शिकणं आपल्याला नवं नाही. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं तेही गद्रे वाड्यात. बैठक अंथरली, पोथी सोडली, की वाड्याची शाळा होत असे. शिकवणं यंत्रांवर विसंबू लागलं तसा वास्तूचा हा उदारपणा आटत गेला.

साधा हिशेब करू. 40 संगणक, एकेकाला 150 वॅट, म्हणजे 6 किलोवॅट, पंखे-दिवे वेगळेच. नेटवर्कची तांब्याची केबल एका दमात 100 मीटर धावते, आणि लांबलचक गोदामात वळणं घेता घेता ते अंतर कधी संपतं कळत नाही. ओल धरलेली जाड दगडी भिंत वाय-फाय गिळते. काळ्या कातळात चांगलं अर्थिंग मिळवणं कष्टाचं. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकली तर वळवातली वीज तिच्यावरून आत येऊ शकते. तिथे फायबरच बरी, काचेतून वीज वाहत नाही.

पण यंत्रं काही वर्षांत भंगारात जातात, भिंती राहतात. पैसा मात्र उलटा वाहतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत संगणक येतो, भिंतीतली नळी येत नाही. मला विचाराल तर पहिला प्रश्न हाच: रिकाम्या नळ्या किती टाकल्या? आत ओढायची तार ओवून, तोंडं बंद करून ठेवलेल्या. दहा वर्षांनी त्यांतून काय जाईल ते आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणूनच त्या हव्यात. गिलाव्याआधी हे काम किरकोळ असतं. नंतर भिंत फोडावी लागते, आणि ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यात.

गावच्या वायरमनला हे सगळं ठाऊक असतं. पण बैठकीचं बोलावणं त्याला नसतं. तो येतो रंगकाम आटोपल्यावर, हातात छिन्नी घेऊन.