गाडीत बाळ नव्हतं



लेकीकडे इंग्लंडला नातवाला सांभाळायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. तिथे सुपरमार्केटात दाराजवळ अपंगांसाठी आणि लेकरं घेऊन येणाऱ्यांसाठी रुंद जागा राखलेल्या असतात. दार पूर्ण उघडतं, बाळाची सीट काढता येते. अपंगांच्या जागेतून एक तरुण उतरून चटचट चालत गेला. मी लगेच म्हटलं, "धडधाकट तर आहे!" लेक म्हणाली, "आई, काचेवर निळं कार्ड बघ. २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ते मिळतं." मी गप्प.

पुढच्या आठवड्यात मी आणि जावईच गेलो. पाऊस होता. त्यांनी गाडी लेकरांच्या जागेत लावली. मग घरी १०० पौंडांची नोटीस आली, लवकर भरलं तर ६०. हा सरकारी दंड नव्हे, पार्किंग कंपनीची मागणी. अपील करता येतं. जावई म्हणाले, "आई, बाळ गाडीत होतं असं लिहितो. कोण बघायला येतंय?"

सरकारचा कायदा काही मोडला नव्हता, हे खरं. पण मी विचारलं, "त्या दिवशी एखादी आई पोर कडेवर घेऊन लांबून भिजत आली असेल, तिला काय लिहाल?" आणि खरं सांगू? पाटी मीही वाचली होती. भिजायला नको म्हणून बोलले नव्हते.

६० भरले, निम्मे माझे. जावई दोन दिवस बेतानंच बोलले.