वरच्या क्रमांकाचे कॉलेज कुणासाठी?

अकोल्याच्या शिकवणी वर्गांत आणि अमरावतीच्या करिअर मार्गदर्शन शिबिरांत दर जून-जुलैत एक विधान छातीठोकपणे केले जाते. मिळणाऱ्या जागांपैकी क्रमवारीत सगळ्यात वरची घ्या, बाकी कसलाही विचार करू नका. वक्ते हे अशा सुरात सांगतात की समोर बसलेल्या पालकाला प्रश्न विचारायचाच संकोच वाटावा. विधान अर्धवट आहे. ज्या घरांत आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्या घरांसाठी ते घातकही आहे.

मुळात निवड केव्हा होते? 2025 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती जागा घेणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू होता. म्हणजे खरा निर्णय पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरतानाच उरकलेला असतो, आणि तो फॉर्म अनेकदा मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून कुणीतरी भरून देतो. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासूनचे. ते पुण्याच्या एखाद्या खासगी कॉलेजच्या वर लिहायचे की खाली, याचे उत्तर कटऑफच्या तक्त्यात सापडत नाही. ते घराला पेलणाऱ्या खर्चावरही ठरते. राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोलाचा आहे. पण पुण्यातले खोलीभाडे आणि मेसचे पैसे घरूनच जातात.

पैशांची सोय किती निर्णायक असते, याचे वऱ्हाडातलेच एक उदाहरण देशभर गाजले. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचा, शेतकरी घरातला राजू केंद्रे. पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण. 2021 मध्ये जगभरातल्या 18 विद्यापीठांनी त्याला प्रवेश देऊ केला. तो ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या सोआस विद्यापीठात गेला. बातम्यांचे मथळे अठरा या आकड्यावर थांबले. त्या अठरा पत्रांना वजन आले ते पैशांची सोय झाली म्हणून, हा भाग मागे पडला.

ती सोय झाली नाही तर काय होते, हे 2025 च्या जुलैत दिसले. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी 106 जणांची निवड झाली. पत्रे सुरुवातीला फक्त 40 जणांना मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ, असे कळवण्यात आले. तिकडे विद्यापीठाची अनामत रक्कम, व्हिसा, वसतिगृहाची नोंदणी यांच्या मुदती सरकारी निधीची वाट पाहत नाहीत. शिष्यवृत्तीचे पत्र नसलेला प्रवेश हा अजून पर्याय झालेलाच नसतो. निवडीवर भाषणे देणाऱ्यांनी आधी हे सांगितले पाहिजे.

समजा पैशांची सोय झाली. तरी निवड कशाच्या आधारे करायची? अमेरिकी तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी 2014 च्या त्यांच्या पुस्तकात या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. आपण एरवी प्रत्येक पर्यायात आपले काय होईल याची कल्पना करतो आणि बरा वाटेल तो उचलतो. पण मूल होण्यासारखे काही अनुभव असे असतात की त्यातून गेल्याशिवाय ते कळत नाहीत, आणि गेल्यावर माणसाच्या आवडीनिवडीच पालटतात. मग निवडणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी स्थिती होते. कॉलेज हा असाच अनुभव आहे. सतरा वर्षांची मुलगी अशा एका बावीस वर्षांच्या बाईसाठी जागा ठरवत असते, जिला ती अजून भेटलेलीच नाही. अशा वेळी सुखदुःखाचे गणित सोडा आणि आपण कोण होऊ हे शोधायची इच्छा आहे का, एवढेच स्वतःला विचारा, असे पॉल यांचे उत्तर आहे.

क्रमवारीचा आग्रह धरणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर दुसरे नाही. क्रमवारी संस्थांची तुलना करते. त्या संस्थेत जाऊन या मुलीचे काय होईल, याबद्दल ती मुकी आहे. पण हेच हत्यार उलटही चालते. अमरावतीच बरी, घराजवळ सुरक्षित, असे म्हणणाऱ्यांनाही राहून काय होईल ते ठाऊक नसते. लांबच्या नामांकित संस्थेतले सोबती, ग्रंथालय, ओळखी यांचे मोल नाकारून वऱ्हाडाचा अभिमान सांभाळणे हाही मुलांवर अन्यायच.

आणि पॉल यांच्या उत्तरातही एक उणीव आहे. स्वतःचा शोध घेण्याची मोकळीक त्यालाच असते, ज्याला चुकल्यावर परत फिरता येते. कापूस-सोयाबीनच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घराला ती नसते. शिवाय अज्ञान सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या प्राध्यापकाच्या मुलीला मावशी, आतेभाऊ, शेजारी यांच्याकडून दिल्ली-मुंबईच्या वसतिगृहाची बरीच माहिती असते. मेळघाटातल्या धारणीच्या मुलीला ती कुणाकडून मिळणार? दुसऱ्याच्या सांगण्यातून आपला अनुभव पूर्ण कळत नाही, हे खरे. पण मेसचा खर्च किती, इंग्रजी कच्चे असेल तर शिक्षक काय करतात, पहिल्या सत्रात नापास झालेल्यांचे पुढे काय होते, हे सगळे सांगता येते. केंद्रे यांच्या एकलव्य संस्थेने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचे हेच काम उभे केले.

सोय नसेल तर निवडही नसते, हे पंजाबराव देशमुखांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. पापळचा हा मुलगा एडिनबर्गला शिकला, वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर डॉक्टरेट घेऊन, बॅरिस्टर होऊन परतला. त्यांनी उभारलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था 1932 ची. श्रद्धानंद छात्रालय त्याच्याही आधीचे. राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण असल्याशिवाय खेड्यातल्या मुलापुढे कुठलाच पर्याय उभा राहत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

म्हणून दोन मागण्या. शिष्यवृत्तीची पत्रे विद्यापीठांच्या मुदतीआधी विद्यार्थ्याच्या हाती पडली पाहिजेत. निधी नसेल तर निवड यादी लावू नये. आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतून जे बाहेर शिकायला गेले, त्यांनी या दिवाळीत गावी आल्यावर आपल्या जुन्या शाळेत एक तास जावे. खर्चाचा हिशोब, पहिल्या वर्षीची रडारड, ज्यांनी मदत केली त्यांची नावे, सगळे बारावीच्या वर्गापुढे मांडावे. ऑप्शन फॉर्म भरण्याच्या आधी या मुलांना ते कळायलाच हवे.