नुसता एमबीबीएस

“आजकालच्या डॉक्टरांत सेवाभावच राहिला नाही.”

नम्म क्लिनिक, म्हणजे कर्नाटक सरकारचे वॉर्डावॉर्डातले दवाखाने, तिथल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर या आठवड्यात बंगळुरूत जो बोलला तो हेच बोलला. लिफ्टमध्ये शेजारी म्हणाले, बँकेच्या रांगेत पुढचे गृहस्थ म्हणाले, आणि शनिवारी एका कार्यक्रमात पाहुण्यांनी ते माइकवरून सांगितलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत. त्याच दिवशी सकाळी मी आमच्या वॉर्डातल्या सरकारी दवाखान्याच्या दारावर चिकटवलेला कागद वाचून आलो होतो. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनाने कन्नडमध्ये दोन शब्द: ‘डॉक्टर इल्ल’. डॉक्टर नाहीत. पायरीवर एक बाई बसली होती, मांडीवर तापाने मलूल झालेलं मूल. बांधकामावर काम करणारी, यादगीरकडची. अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून आली होती. तिला आमच्या पाहुण्यांचं भाषण ऐकवून काय उपयोग होता?

बाकीची कारणं लोक सांगतात ती सांगू देत. शहर अंगाबाहेर वाढलं, एका महापालिकेच्या पाच झाल्या, डॉक्टर परदेशी जातात. त्यांत तथ्य असेल तेवढं आहे. मला चीड येते ती सेवाभावाच्या कारणाची, कारण ते सांगणाऱ्याला पुढे काहीच करावं लागत नाही. पदं कोणी भरायची, पगार किती, करार किती महिन्यांचा, संध्याकाळी उशीर झाला तर डॉक्टरीण बाईंनी घरी जायचं कसं, दवाखान्यात बायकांना धड स्वच्छतागृह आहे का, हे सगळे प्रश्न एका दमात बाजूला पडतात आणि सगळा दोष पंचविशीतल्या एका मुलीच्या स्वभावात जाऊन बसतो.

हा सेवाभाव आपण मागतो कोणाकडे तेही पाहा. हृदयाची झडप बदलणाऱ्या सर्जनकडे कोणी मागत नाही. त्याचं बिल आपण विमा कंपनीशी भांडून भरतो आणि वर चार ठिकाणी सांगतो की त्याच्या हाताला यश आहे. व्हाइटफील्डला संगणकासमोर बसणाऱ्या आपल्या मुलाकडे तर नाहीच मागत. त्याने दीड वर्षात दोन नोकऱ्या बदलून पगार वाढवून घेतला की आपण पेढे वाटतो. वॉर्डातल्या दवाखान्यातली डॉक्टर तेच करते तेव्हा मात्र तिचे संस्कार काढले जातात. ज्याचं काम आपल्याला स्वस्तात हवं असतं, त्याच्याकडूनच आपल्याला त्याग हवा असतो. हा हिशेब मला अनैतिक वाटतो, आणि तो नीतीच्या भाषेत मांडला जातो म्हणून जास्तच वाटतो.

‘मानधन’ हा शब्द घ्या. 2025 च्या जानेवारीत राज्यभरच्या आशा कार्यकर्त्या इथल्या फ्रीडम पार्कात ऐन थंडीत रात्रंदिवस बसल्या होत्या. मागणी काय, तर महिन्याला निश्चित 15,000 रुपये. गरोदर बायकांची नोंद, बाळांचं लसीकरण, क्षयाच्या रुग्णाने गोळ्या घेतल्या की नाही ते पाहणं, हे सगळं त्या करतात आणि सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका असतात. पगार म्हटला की कायदा लागतो, रजा लागते, भविष्यनिर्वाह निधी लागतो. मानधन म्हटलं की आभार मानून भागतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांची गतही फार वेगळी नाही. यातले बहुतेक कंत्राटावर असतात, आणि करार संपत आला की डोळे नव्या आदेशाकडे लागतात.

शाल-श्रीफळावर माझा राग जुना आहे, तो पुन्हा सांगतो. शनिवारच्या पाहुण्यांनी दुर्गम भागांत आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांपैकी बंगांचं नाव घेतलं, आमट्यांचं घेतलं, मेळघाटातल्या कोल्हे दांपत्याचं घेतलं. कर्नाटकात उभं राहून बोलायचं म्हणून बिळिगिरी रंगन डोंगरावरच्या डॉ. सुदर्शन यांचंही घेतलं. ही नावं माझ्याही मनात फार उंचावर आहेत. म्हणूनच तरुण डॉक्टरांना टोचायला त्यांचा वापर झालेला मला सोसत नाही. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत काय केलं? डॉक्टर खेड्यात येत नाहीत म्हणून डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडली नाहीत. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले, ते आकडे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टने 1996 मध्ये गुंबळ्ळीचं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र चालवायला घेतलं आणि मग अशी अनेक केंद्रं घेतली. माणसं, औषधं, पैसा यांची रोजची घडी बसवल्याशिवाय केंद्र चालत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. या सगळ्यांनी उभ्या केल्या त्या व्यवस्था. आपण त्यांचा सत्कार करतो, छायाचित्र काढतो आणि व्यवस्थेचा भाग तिथेच ठेवून घरी येतो.

या राज्यात 438 नम्म क्लिनिक मंजूर झाली. 438 दवाखाने असामान्य माणसांच्या भरवशावर चालवता येत नाहीत. ते सामान्य, चांगल्या, संध्याकाळी घरी जाऊन मुलाचा अभ्यास घेऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांवरच चालायला हवेत.

मंगळवारी मी पुन्हा गेलो. कागद काढलेला होता. दुसऱ्या वॉर्डातल्या डॉक्टर दोन दिवसांसाठी इकडे दिल्या होत्या. बेळगावकडच्या निघाल्या, माझं नाव ऐकून मराठीत बोलू लागल्या, “बसा काका, जरा वेळ लागेल.” मी कोपऱ्यात बसलो आणि दीड तास उठलो नाही. त्या दीड तासात त्यांच्यासमोर साखर वाढलेले तिघे आले, खोकला घेऊन एक म्हातारबाबा आले, त्यांना थुंकीच्या तपासणीला पाठवलं. गरोदर मुलगी आली तिचं रक्त घेतलं. एकाला नोकरीसाठी दाखला हवा होता, तो मिळाला नाही म्हणून तो टेबलावर हात आपटून आवाज चढवून गेला. दारात ना पहारेकरी ना कोणी. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. प्रत्येक रुग्णामागे रजिस्टरमध्ये एक ओळ, मग संगणकावर तीच माहिती एका पोर्टलवर, मग थोडी फिरवून दुसऱ्या पोर्टलवर. इंटरनेट मध्येच गेलं तेव्हा त्यांनी नावं वहीत पेन्सिलीने लिहून ठेवली, संध्याकाळी भरायला. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा चिकटत नव्हता. तो त्या प्रत्येक वेळी डाव्या हाताने दाबून धरत आणि उजव्या हाताने फुगा दाबत. मी मोजायचं सोडून दिलं.

रजिस्टरखाली एक जाडजूड पुस्तक होतं, पानापानावर पिवळे कागद चिकटवलेलं. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं. मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. “करावंच लागतं काका,” त्या म्हणाल्या, “नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं?”

हे ‘नुसतं’ त्यांच्या तोंडी आपण घातलं आहे. लग्न जमवताना आपण विचारतो, “मुलगा नुसता एमबीबीएस आहे का पुढे काही केलंय?” साडेपाच वर्षं मुलं जिथे शिकतात त्या इस्पितळात त्यांना शिकवणारा एकेक जण कुठल्या ना कुठल्या अवयवाचा तज्ज्ञ असतो. साधा ताप, जुनी सर्दी, घाबरलेली आई, गोळ्या मध्येच सोडणारा रिक्षावाला, यांना सांभाळून पोट भरणारा एकही डॉक्टर त्यांना शिक्षक म्हणून भेटत नाही. कुटुंबवैद्यक या विषयात एमडी करायची सोय आपल्या देशात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आली तीच 2011 मध्ये, कालिकतला, आणि आजही त्या जागा फारच थोड्या आहेत. आरोग्यसेवेचा आराखडा देणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये ज्याला सगळ्या आरोग्यव्यवस्थेचा पाया मानलं होतं, तो साधा, सर्व काही थोडं थोडं जाणणारा डॉक्टर आपण ‘अजून पुढे न गेलेला’ माणूस करून टाकला. ज्या जागेकडे सगळे जिन्याची पायरी म्हणून पाहतात तिथे कोण थांबेल?

आणि थांबणं हीच या कामाची खरी किंमत आहे. नॉर्वेत काही वर्षांपूर्वी संशोधकांनी पंचेचाळीस लाख माणसांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांना तातडीने इस्पितळात भरती व्हावं लागण्याची आणि मृत्यूची शक्यता, डॉक्टर नुकताच बदललेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी निघाली. यात नवं औषध नव्हतं की यंत्र नव्हतं. ओळख होती. हा माणूस कधी खोटं बोलतो, कशाला घाबरतो, त्याच्या आईला काय झालं होतं, हे माहीत असलेला एक माणूस समोर होता. आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात वर्षभरात मी तीन डॉक्टर पाहिले.

सक्तीचं काय, असं मला लोक विचारतात. कर्नाटकाने 2012 मध्ये कायदा केला, वर्षभर सरकारी सेवा करा नाहीतर लाखांचा दंड भरा. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशी सक्तीच्या सेवेची बंधपत्रं वैध ठरवली. पुढे 2023 मध्ये इथला कायदा बदलून सेवा रिकाम्या जागांपुरतीच ठेवली गेली. माझं मन याबाबत अजून ठरत नाही. सरकारी जागेवर शिकलेल्याने वर्षभर द्यावं, हे मला रास्त वाटतं. पण वर्षभरासाठी आणून बसवलेला डॉक्टर म्हणजे पुन्हा अनोळखी डॉक्टर. पायरीवरच्या त्या बाईच्या मुलाला तोही नसण्यापेक्षा बरा, एवढं म्हणून मी गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र मी गप्प बसून सोडणार नाही. ‘नम्म’ म्हणजे आपलं. मुंबईत 2022 च्या अखेरीला असेच दवाखाने निघाले, त्यांचं नावच ‘आपला दवाखाना’. माइकवर बोलणाऱ्या पाहुण्यांपैकी, टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला म्हणून त्या दारात पाऊल टाकलं आहे? आपण चक्कर आली की थेट मेंदूच्या डॉक्टरकडे, पाठ दुखली की थेट एमआरआयला. जिथे आपण जात नाही तिथला नळ गळतो, तिथला पट्टा चिकटत नाही, तिथली वेळ नऊ ते साडेचार ठरते, म्हणजे मजुरी करणाऱ्याला कामावर खाडा केल्याशिवाय जाताच येऊ नये. रक्तदाबासाठी माझं कार्ड आता मी तिथेच काढलं आहे. माझ्यासारखे शंभर जण गेले आणि पट्ट्याबद्दल शंभर जणांनी अर्ज दिले तर काहीतरी हलेल असं मला वाटतं. पट्ट्याचा अर्ज मी बुधवारी दिला.

मंगळवारी माझ्या आधी एक रिक्षावाले होते, साठीच्या आसपासचे, खाकी शर्टाच्या खिशात कार्ड घडी घालून ठेवलेलं. घडीवर ते फाटायला आलं होतं. डॉक्टरांनी ते उलगडून टेबलावर हाताने सपाट केलं, मागच्या तिन्ही नोंदी वाचल्या. तिन्ही वेगळ्या अक्षरांतल्या. रक्तदाब दोनदा मोजला. मीठ, विडी, झोप, एकेक विचारलं. शेवटी रिक्षावाल्यांनी कन्नडमध्ये विचारलं, “मुंदिन तिंगळु नीवे इर्तीरा?” पुढच्या महिन्यात तुम्हीच असाल ना?

डॉक्टर क्षणभर थांबल्या. मग मान न उचलता सिस्टरना म्हणाल्या, “अण्णांना एका महिन्याच्या नको. स्टॉक असेल तर दोन महिन्यांच्या गोळ्या द्या.”