मागे उभा राहणारा

दक्षिण कोरियात एक बचावपटू होता. सेऊल शहरात १९६९ साली जन्मलेला. नाव होंग म्योंग-बो. पण गोष्टीपुरतं आपण त्याला बचावपटूच म्हणू.

तो संघात सगळ्यात मागे खेळायचा. त्याच्या मागे फक्त गोलरक्षक. रात्री शेतावर जागलीला बसलेल्या माणसासारखं त्याचं काम होतं. पुढच्यांच्या हातून जे सुटेल, ते त्याने अडवायचं. अडवलं तर फारशा टाळ्या पडत नाहीत. सुटलं तर मात्र सगळी बोटं त्याच्याकडे वळतात.

देशासाठी तो १३६ सामने खेळला. चार विश्वचषक खेळला. १९९४ साली अमेरिकेत त्याने मागून पुढे येऊन स्पेनवर एक आणि जर्मनीवर एक गोलही केला. तरी संघ पहिल्याच फेरीतून घरी परतला. विश्वचषकातला एकही सामना कोरियाने तोवर जिंकला नव्हता.

मग २००२ साल उजाडलं. विश्वचषक त्याच्या देशात आणि शेजारच्या जपानमध्ये भरला. बचावपटू आता तेहतीस वर्षांचा होता, संघाचा कर्णधार होता. संघ जिंकत गेला. उपांत्यपूर्व फेरीत ग्वांगजू शहरात स्पेनशी गाठ पडली. पूर्ण वेळ संपला, जादा वेळ संपला, गोल कोणाचाच नाही. पेनल्टी सुरू झाल्या. कोरियाच्या गोलरक्षकाने स्पेनची चौथी पेनल्टी अडवली. कोरियाची पाचवी मारायला बचावपटू आला. त्याने चेंडू जाळ्यात घातला. आशियातला एक देश पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला.

उपांत्य फेरीत संघ हरला आणि स्पेनच्या सामन्यानंतर आठवड्याने तिसऱ्या क्रमांकासाठी तुर्कस्तानशी सामना झाला. खेळ सुरू होताच चेंडू मागे बचावपटूकडे आला आणि त्याच्याकडून निसटला. तुर्कस्तानने गोल केला. शिट्टी वाजून जेमतेम ११ सेकंद झाले होते. विश्वचषकात इतक्या लवकर गोल कधीच झाला नव्हता. सामना कोरियाने ३-२ असा गमावला. आठ दिवसांत एकाच माणसाने डोक्यावर घेतलं जाणंही पाहिलं आणि चेंडू हातचा जाणंही पाहिलं.

पुढे तो प्रशिक्षक झाला. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकसाठी तरुणांचा संघ त्याच्या हाती आला.

कोरियात धडधाकट तरुणाला दीड-दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. खेळाडूची ती वर्षं ऐन उमेदीची असतात. ऑलिम्पिक पदक मिळालं, की ही सक्ती सुटते. त्या वेळी नियम असा होता, की संघाला पदक मिळालं तरी जो मैदानात उतरलाच नाही, त्याला सूट नाही.

संघात एक अनुभवी आघाडीवीर होता. परदेशात राहण्याच्या परवान्यावर त्याने सैन्यातली हजेरी लांबणीवर टाकली होती. लोक त्याच्यावर चिडले होते. पत्रकारांना तोंड द्यायची वेळ आली, तेव्हा प्रशिक्षक स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसला. हा सैन्यात गेला नाही, तर याच्या जागी मी जाईन, असं त्याने सर्वांदेखत सांगितलं.

कांस्यपदकाचा सामना कार्डिफमध्ये जपानशी झाला. पहिला गोल त्याच आघाडीवीराने केला. दुसरा कर्णधाराने केला. ८९ वं मिनिट आलं. अठरा जणांच्या संघात एक बचावपटू पोरगा अजून एकदाही मैदानात उतरला नव्हता. बाकीचे सतरा जण कधी ना कधी खेळले होते. प्रशिक्षकाने कर्णधाराला बाहेर बोलावलं आणि त्या पोराला आत पाठवलं. पोरगा काही मिनिटं धावला. सामना २-० असा संपला. कोरियाच्या फुटबॉलचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. आणि त्या पोराचीही दोन वर्षं वाचली. या माणसाच्या साऱ्या कारकिर्दीत मला हीच कृती सगळ्यात मोठी वाटते. सामना जिंकायला त्या बदलाची गरज नव्हती. गरज त्या पोराला होती.

इथे गोष्ट संपली असती, तर गोड झाली असती.

दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक होता. आता देशाचा मुख्य संघ त्याच्याकडे होता. आपल्या क्लबकडून नियमित खेळणाऱ्यांनाच घेईन, असं त्याने आधी सांगितलं होतं. लंडनचा तो आघाडीवीर क्लबात बहुतेक बाकावरच बसून होता. तरी त्याला घेतलं. लंडनची आणखी बरीच मुलं घेतली. रशियाशी १-१ अशी बरोबरी झाली. अल्जीरियाने मध्यंतराआधीच तीन गोल चढवले आणि ४-२ असं हरवलं. बेल्जियमनेही हरवलं. आघाडीवीर दोन सामने खेळला, गोल एकही नाही. संघ इंचॉनच्या विमानतळावर उतरला, तेव्हा लोकांनी त्यांच्या दिशेने चिकट गोळ्या फेकल्या. तिथे हा अपमान समजतात. थोड्याच दिवसांत प्रशिक्षकाने पद सोडलं.

लंडनमध्ये त्याने बाकावरच्या पोराला दिलं, ते त्याच्या वाटणीचंच होतं. ब्राझीलमध्ये जागा ओळखीच्या माणसाला गेली आणि वाट पाहणारा कोणी दुसरा घरी राहिला. राखणदाराने सगळ्यांच्या पाठीशी उभं राहावं. तो आपल्याच माणसांना पाठीशी घालू लागला, की त्याची स्वतःची जागा उघडी पडते.

त्यानंतर तो काही काळ चीनमध्ये प्रशिक्षक होता, मग कोरियाच्या फुटबॉल संघटनेत पदाधिकारी होता. २०२१ च्या हंगामापासून त्याने उल्सानचा क्लब हाती घेतला. पहिल्या वर्षी दुसरा क्रमांक आला. २०२२ साली उल्सानने १७ वर्षांनी कोरियाची लीग जिंकली आणि २०२३ साली पुन्हा जिंकली.