तेच गाणे की तसेच गाणे?

गेलेल्या दशकातली गाणी घेऊन रेडिओ केंद्राचे कार्यक्रम आखणे हा वरवर पाहता आवडीनिवडीचा आणि जाहिरातींच्या हिशेबाचा मामला आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक गृहीतक असते: तेव्हा ऐकलेले गाणे आज पुन्हा ऐकवता येते. ते कितपत खरे, याचा काथ्याकूट भारतीय दर्शनांनी ध्वनिमुद्रणाच्या कितीतरी शतके आधी करून ठेवला आहे.

मीमांसकांना वेद नित्य आहेत असे सिद्ध करायचे होते. म्हणून ते म्हणाले, शब्द उच्चाराने जन्मत नाही. तो असतोच, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. पुरावा प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळखीचा. कालचा गकार आज कानी पडला की ‘हा तोच’ असे वाटते, ‘त्याच्यासारखा’ असे वाटत नाही. नैयायिकांना हे पटले नाही. त्यांच्या मते शब्द उपजतो आणि विरतो. दोन उच्चारांची जात एक असल्यामुळे ‘तोच’ असा भास होतो.

गाण्याच्या तबकडीने मीमांसकांची बाजू बळकट केल्यासारखी दिसते. सुईची खरखर सुरू होते, तीन-सव्वातीन मिनिटे सूर वाजतात, पुन्हा खरखर. ऐकणारा खरखर बाजूला ठेवतो आणि गाणे ओळखतो. खरखर प्रकट करणाऱ्या साधनाची, गाणे मात्र जसेच्या तसे.

तरीही ‘महल’ (१९४९) चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध गाण्यापाशी हा युक्तिवाद अडतो. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेले हे गाणे पहिल्यांदा आले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे होते. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. हा आवाज कुणाचा, असे त्या वेळचे श्रोते विचारत होते. आज निवेदक आधीच लता मंगेशकर हे नाव सांगतो. न सांगितले तरी पहिल्याच सुराला कान ते नाव घेतो आणि त्याबरोबर पुढच्या सात दशकांचा आवाज मनात जागा होतो. तबकडी तीच, पण ‘ही कोण?’ हे कुतूहल कोणत्याही केंद्राला परत प्रक्षेपित करता येत नाही. इथे नैयायिकांचे म्हणणे अधिक सच्चे वाटते.

स्मृतीविषयीही न्यायदर्शनाचा विचार नेमका आहे. अनुभव मनावर संस्कार सोडतो, तो संस्कार कशाने तरी जागा होतो आणि स्मृती उपजते. जुने गाणे हे जागे करणारे निमित्त. पण प्रत्येक श्रवण हासुद्धा अनुभवच असल्याने तोही आपला संस्कार ठेवून जातो. मोजक्या लोकप्रिय गाण्यांची यादी करून ती दिवसातून पुन्हा पुन्हा फिरवली, की गाणे हळूहळू तरुणपणाची आठवण देईनासे होते. ते गेल्या आठवड्यात, गाडी सिग्नलला अडकली असताना ऐकलेल्या त्याच गाण्याची आठवण देते. भूतकाळ विकणारे केंद्र अशा रीतीने आपल्याच हाताने तो पुसत जाते. रेडिओ सिलोनच्या सकाळच्या ‘पुरानी फिल्मों का संगीत’ कार्यक्रमात शेवटचे गाणे कुंदनलाल सैगलचे असे. सैगल १९४७ सालीच गेले होते. रोज एकच गाणे, ठरलेल्या वेळी, या शिस्तीने त्या आवाजाची किंमत राखली.

दशक म्हणून जे ऐकवले जाते तेही निवडलेले असते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले आणि देशातले श्रोते कोलंबोकडे वळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. म्हणजे १९५३ची म्हणून आज आकाशवाणीवर लागणारी गाणी त्या वर्षी आकाशवाणीवर क्वचितच लागली होती. ऐकणाऱ्याला जो काळ परत आल्यासारखा वाटतो, तो तसा कुठल्याच एका केंद्रावर कधी नव्हता.

मग जिचा जन्मच त्यानंतर चाळीस वर्षांनी झाला, त्या मुलीला ती गाणी का भिडतात? ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत हंसपदिकेचे गाणे ऐकतो. शापामुळे तो शकुंतलेला विसरलेला आहे. कुणाचाही विरह नसताना तो व्याकूळ होतो आणि हे मागच्या जन्मीचे काही असेल, असे त्याला वाटते. अभिनवगुप्ताने रसाची चर्चा करताना या प्रसंगाचा आधार घेतला. ही तर्कशास्त्रातली स्मृती नव्हे, असे त्याचे म्हणणे, कारण तिच्यामागे पूर्वीचा अनुभव नाही. मनात वासनारूपाने जे वसलेले असते तेच गाण्याने उजळते. जुन्या संगीताचा खरा आधार हा आहे. स्वतःच्या आठवणींवर जगणारे श्रोते वर्षागणिक कमी होतात, रसावर जगणारे नव्याने जन्मतात. म्हणून कमी वाजलेली, विस्मृतीत गेलेली गाणी शोधून लावणे हा केंद्राच्या कामाचा गाभा ठरतो. ज्यांची ओळखच नाही, त्यांनाही ती भिडू शकतात.

एका प्रकारच्या गाण्यांना मात्र दशकाची चौकट लागूच पडत नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १९५५च्या रामनवमीला सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. संगीतरचना, वाद्यमेळ, सगळे त्या काळाचे. तरीही रामनवमीला ते लागते तेव्हा कुणी पन्नासच्या दशकातले संगीत म्हणून त्याच्याकडे पाहत नाही. दशक एकदाच येते आणि सरते. तिथी दरवर्षी येते. जे गाणे तिथीला बांधले गेले, ते लावताना आखणी करणाऱ्याला श्रोत्यांना मागे न्यावे लागत नाही.