विस्तार आणि प्रतिभार

ज्याच्या कर्माचा विस्तार दिवसेंदिवस वाढत जातो त्याच्या चित्ताचे समत्व टिकावे कसे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात फार जुना आहे. आणि त्याला मिळालेल्या उत्तरांत विस्तारच आवरावा, कर्मच कमी करावे, हा निवृत्तीचा सल्ला वारंवार आढळतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी या सल्ल्याविरुद्ध कर्मयोगाची बाजू समर्थपणे मांडली, तथापि कर्म सोडू नये हे मान्य केल्यावरही, ते वाढत असता मनाचा तोल कोणत्या रीतीने राखावा, ही अडचण उरतेच. या अडचणीवर एका साध्या यंत्राच्या रचनेतून पुष्कळ प्रकाश पडतो असे मला वाटते, म्हणून त्या रचनेची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगतो.

लाकूड घासून गुळगुळीत करण्याच्या ऑर्बिटल सँडरमध्ये मोटरीच्या शाफ्टच्या टोकाशी, मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेली एक खुंटी असते, आणि पॉलिशपेपर लावलेली तबकडी त्या खुंटीवर बसविलेली असल्यामुळे तिचा मध्यबिंदू एका लहानशा वर्तुळात, म्हणजेच कक्षेत, फिरत राहतो. अडीच मिलिमीटर व्यासाच्या कक्षेने अखेरचा हात नितळ बसतो; पाच मिलिमीटरच्या कक्षेने जुन्या रंगाचा थर लवकर निघतो. ही पाच मिलिमीटरची कक्षा दिसावयास क्षुल्लक. परंतु दोनशे ग्रॅम वजनाची तबकडी तीतून मिनिटाला १०,००० फेरे घेऊ लागली म्हणजे ती शाफ्टला जो ओढा देते तो सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. प्रत्येक फेऱ्यात हा ओढा चोहो दिशांना फिरत असल्यामुळे, त्याची काही तजवीज केलेली नसेल, तर तो यंत्र धरणाऱ्याच्या मनगटात कंपरूपाने उतरतो. कक्षा दुप्पट केली तर ओढा दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर चौपट; यावरून विस्तारापेक्षा त्वरा किती अधिक घातक, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याची तजवीज म्हणून शाफ्टच्या विरुद्ध बाजूस एक प्रतिभार बसवितात, आणि त्याचे वजन व मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार तबकडीच्या तशाच गुणाकाराइतका ठेवितात. कक्षा कायमची ठरलेली असेल तोवर हा हिशेब एकदा करून भागते. परंतु कारागिराला कामाप्रमाणे कक्षा लहानमोठी करता यावी असे योजिले, की जो प्रतिभार मोठ्या कक्षेला पुरेसा होता तोच लहान कक्षेवर अतिरिक्त ठरून स्वतःच कंपाचे कारण बनतो. अल्प व्यवहाराच्या गृहस्थाने मोठ्या अधिकाऱ्याला शोभणारे कठोर नियमन आपल्या घरावर लादले, म्हणजे त्या नियमनानेच घर हादरू लागते, ही गोष्ट आपण पाहतोच. मिलो या मल्लाला पुरणारा आहार नवशिक्याला योग्य नव्हे, असे उदाहरण देऊन ॲरिस्टॉटलने मध्यममार्ग ज्याचा त्याने आपल्यापुरता शोधावयाचा असतो असे म्हटले, त्याचे मर्म हेच आहे.

या अडचणीचा एक सुंदर परिहार असा आहे. सरकवलेल्या मध्याच्या दोन चकत्या एकीत एक बसवाव्यात. दोहोंचे सरकणे एका दिशेला आले की कक्षा सर्वांत मोठी, परस्परविरुद्ध आले की सर्वांत लहान. आता प्रतिभार अन्यत्र कोठे न बसविता, प्रत्येक चकतीने आपापल्या वाट्याच्या सरकण्याचा प्रतिभार आपल्याच अंगावर वाहावा, म्हणजे चकती जितकी वळेल तितकाच तिचा प्रतिभारही वळेल, आणि कक्षा वाढविणारी किल्लीच समतोलही वाढवील. यात आतल्या चकतीचे व तिच्या प्रतिभाराचे वजन बाहेरच्या चकतीच्या खाती धरण्यास विसरता कामा नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त विनोबांनी, बाह्य कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली म्हणजे त्या कर्माचा बोजा उरत नाही, असा विचार मांडला आहे, ती जोड कर्म संपल्यावर लावावयाची नसून कर्माबरोबरच वाढली पाहिजे, एवढे या यंत्रावरून स्पष्ट होते.

परंतु गुणाकार जुळला एवढ्याने काम संपत नाही. तबकडी खालच्या पातळीत फिरते, आणि प्रतिभार तिच्या वर, दुसऱ्या पातळीत. त्यामुळे दोन्ही ओढे समान व विरुद्ध असूनही एका रेषेत येत नाहीत आणि शाफ्टला पीळ देत राहतात. तो घालविण्यासाठी आणखी वर, तबकडीच्याच बाजूला दुसरा भार ठेवून, ओढ्यांचा व पिळाचा असे दोन्ही हिशेब एकदम मिटवावे लागतात. मला तर हा सर्व रचनेतील सर्वांत गंभीर बोध वाटतो. जो सावकार कुळांकडून अन्यायाने वसूल करतो आणि तेवढीच रक्कम देवळाच्या जीर्णोद्धाराला देतो, त्याचा जमाखर्च कागदावर बिनचूक जुळतो. परंतु घेणे एका पातळीवर आणि देणे दुसऱ्या पातळीवर झाल्यामुळे त्याच्या जीवनातील पीळ जात नाही, आणि एवढा दानधर्म करूनही आपणांस स्वस्थता का नाही, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. दोष ज्या पातळीवर घडला तिच्या जितक्या निकट त्याचे परिमार्जन होईल, तितके ते खरे.

शेवटी, हा तोल कोणासाठी, हेही विचारले पाहिजे. यंत्राला कंपाने दुःख होत नाही. ते होते धरणाऱ्याला. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात, बेडफर्ड येथील पाथरवटांचे हात तपासले, तेव्हा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांच्या कंपाने त्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडत असल्याचे आढळले. पुढे २००२ च्या युरोपीय निर्देशाने कामगाराच्या हाताला आठ तासांच्या दिवसात सोसावा लागणाऱ्या कंपावर मर्यादाच घातली. थोर म्हणविणाऱ्या पुरुषांच्या बाबतीतही असेच घडते: त्यांच्या विस्ताराचा कंप त्यांना स्वतःला क्वचितच जाणवतो, तो सोसतात त्यांची पत्नी, त्यांचे कारकून आणि त्यांचे नोकर. म्हणून स्वतःच्या अंतःकरणातील शांततेची साक्ष समत्वाच्या निवाड्यात मला अपुरी वाटते. ज्याला नवा अधिकार किंवा नवी मालमत्ता स्वीकारावयाची आहे त्याने ती अवश्य स्वीकारावी. मात्र त्याच वेळी, त्याच प्रमाणात आणि त्याच पातळीवर आपला संयम वाढवावा, आणि तो पुरेसा झाला की नाही याचा निकाल आपल्या हाताखालच्या माणसांवर सोपवावा.